टर्मिनलवरून पाठांचे व्हिडिओ उतरवताना येणाऱ्या अडचणी : आवाज नाही, ‘नाव फार लांब’, आणि दर वेळी पहिल्यापासून सुरुवात

डोंगरशाळा

नमस्कार. मी घाटमाथ्यावरील एका गावात, सातवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. टाळेबंदीच्या काळात आमच्या केंद्रातील चार शिक्षकांनी विज्ञान आणि भूगोल या विषयांचे ४६ पाठ मोबाइलवर चित्रित करून यूट्यूबवर ठेवले होते. ज्या सरांच्या खात्यावर ते आहेत ते आता निवृत्त झाले आहेत आणि मूळ चित्रीकरण ज्या मोबाइलमध्ये होते तो केव्हाच बिघडला आहे. सरांनी आणि उरलेल्या तिघांनीही हे पाठ उतरवून मुलांना दाखवण्यास आनंदाने संमती दिली आहे. शाळेत पाऊस सुरू झाला की नेटवर्क जाते, म्हणून शनिवारी तालुक्याच्या गावी जाऊन सर्व पाठ एकदाच उतरवावेत आणि पेनड्राइव्हवरून शाळेच्या टीव्हीवर दाखवावेत, असा बेत आहे.

माझ्या जुन्या संगणकावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे. त्यात पॅकेजमधून मिळालेले यूट्यूब-डीएल, म्हणजे टर्मिनलवरून व्हिडिओ उतरवणारे साधन, मी वापरून पाहिले, परंतु ते एकाही पत्त्यावर चालले नाही. मग भाच्याने त्याच्या विंडोजच्या लॅपटॉपवर वायटी-डीएलपी हे तसेच दुसरे साधन चालवले आणि इंटरनेटवर कुठेतरी सापडलेली एक आज्ञा जशीच्या तशी दिली. तेव्हा प्रत्येक पाठाच्या दोन फायली आल्या. एकीत चित्र आहे पण आवाज नाही, दुसरीत केवळ आवाज आहे. त्या फायली पेनड्राइव्हवर नीट गेल्या, मात्र पेनड्राइव्हवरून माझ्या संगणकावर घेताना त्यांपैकी अकरा फायलींना ‘फाइलचे नाव फार लांब आहे’ असे सांगून नकार मिळाला. तीच नावे विंडोजवर चालतात आणि माझ्याकडे का चालत नाहीत, हे मला समजले नाही.

शिवाय मध्येच इंटरनेट तुटले की सर्व काही पहिल्या पाठापासून सुरू होईल, या भीतीने मी दोनदा डेटा पॅक वाया घालवला आहे. आज्ञा टंकण्याची मला भीती वाटत नाही, परंतु प्रत्येक चिन्हाचा अर्थ समजल्याशिवाय ती द्यावीशीही वाटत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

जुने_टर्मिनल

ताई, तुमच्या अडचणी वेगवेगळ्या कारणांच्या आहेत, म्हणून त्या सुट्या करून पाहू. आज्ञा मी बोलून दाखवाव्यात तशा देवनागरीत लिहीत आहे. तुम्ही त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकाल.

आधी जुन्या साधनाविषयी. यूट्यूब-डीएल २००६ पासून अस्तित्वात आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने तक्रार केल्यामुळे गिटहबने (प्रोग्रॅम ठेवण्याच्या संकेतस्थळाने) त्याचे भांडार बंद केले आणि १६ नोव्हेंबर २०२० रोजी ते पुन्हा खुले केले. प्रसिद्धी पुष्कळ मिळाली, पण प्रकल्पाचा वेग मंदावला आणि त्याची शेवटची स्थिर आवृत्ती डिसेंबर २०२१ ची आहे. वायटी-डीएलपी ही त्याच झाडाची फांदी असून २०२१ पासून बहुतेक काम तिच्यावर चालले आहे. यूट्यूब आपली अंतर्गत रचना सतत बदलत असते, त्यामुळे या प्रकारच्या साधनाचे वय हीच त्याची पहिली कसोटी असते. सोय अशी की त्याच्या आवृत्तीचा क्रमांक म्हणजे तारीखच असते. दोन आडव्या रेघा देऊन ‘व्हर्जन’ टंकले की वर्ष, महिना आणि दिवस दिसतात. ती तारीख सहा महिन्यांपूर्वीची असेल तर इतर काहीही तपासण्याआधी आवृत्ती बदलावी.

उबुंटूच्या पॅकेजमधून घेतलेली प्रत मात्र त्या उबुंटूच्या आवृत्तीबरोबर जवळपास गोठलेली असते. आडवी रेघ आणि कॅपिटल यू दिल्यावर एरवी साधन स्वतःला अद्ययावत करते. पॅकेजमधून बसवलेली प्रत तसे करण्यास नकार देते. म्हणून पॅकेज काढून टाकून गिटहबवरची वायटी-डीएलपीची एकच फाइल उतरवून घ्यावी आणि तिला चालवण्याची परवानगी द्यावी. आणखी एक गोष्ट अलीकडे बदलली आहे. नोव्हेंबर २०२५ पासून यूट्यूबसाठी पूर्ण क्षमतेने काम करायचे असेल तर जावास्क्रिप्ट चालवणारा एखादा स्वतंत्र प्रोग्रॅमही संगणकावर असावा लागतो. डेनो हा त्यासाठी सुचवलेला पर्याय आहे. तो नसेल तर काही दर्जे यादीत दिसतच नाहीत आणि माणूस नाहक व्हिडिओला दोष देत बसतो.

आता आवाजाकडे येऊ. यूट्यूब बहुतेक व्हिडिओंचे चित्र आणि ध्वनी हे दोन स्वतंत्र प्रवाह म्हणून साठवते, कारण पाहणाऱ्याचे नेटवर्क कमीजास्त झाले की ध्वनीला हात न लावता केवळ चित्राचा दर्जा बदलता येतो. पत्त्यासोबत आडवी रेघ आणि कॅपिटल एफ द्या, म्हणजे काहीही न उतरवता संपूर्ण यादी समोर येईल. तीत १३६ क्रमांकासमोर ७२० चे चित्र, १३७ समोर १०८० चे चित्र, १४० समोर निव्वळ आवाज, असे सहसा दिसेल. एकत्र चित्र आणि आवाज असलेला १८ क्रमांक दिसला तरी त्याचा दर्जा ३६० इतकाच असतो.

भाच्याने उचललेल्या आज्ञेत बहुधा ‘सर्वोत्तम चित्र अधिक सर्वोत्तम आवाज’ असे स्पष्ट मागितले होते. वायटी-डीएलपी हे दोन प्रवाह स्वतः जोडत नाही. ते काम एफएफएमपेग नावाच्या स्वतंत्र प्रोग्रॅमकडे सोपवते. लॅपटॉपवर तो नसणार. अशा वेळी साधन एक पिवळी सूचना दाखवते आणि दोन्ही फायली सुट्या ठेवून पुढे जाते. सूचना वर सरकून निघून गेली, इतकेच. उबुंटूवर एफएफएमपेग पॅकेजमधून घेतलेले चालते, त्याबाबतीत जुनेपणाचा त्रास होत नाही. तुमच्याकडे आधीच आलेल्या जोड्याही पुन्हा उतरवण्याची गरज नाही. एफएफएमपेगला दोन्ही फायली देऊन ‘कोडेक कॉपी’ सांगितले की नव्याने काहीही न घडवता ते त्या एका डब्यात ठेवते आणि एका पाठाला काही सेकंदच लागतात.

सायंशाखा

नावांची अडचण सोपी आहे. दोन आडव्या रेघा देऊन ‘रिस्ट्रिक्ट-फाइलनेम्स’ हा पर्याय लावावा. मी नेहमी तोच वापरतो आणि मला कधीही त्रास झालेला नाही.

अक्षरमोजणी

सायंशाखा यांचा सल्ला इंग्रजी शीर्षकांसाठी योग्य आहे, परंतु मराठी शीर्षकांचे त्याने वाटोळे होते. तो पर्याय नावात केवळ साधी रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे राहू देतो आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर अधोरेषेत बदलतो. लागोपाठच्या अधोरेषांची पुन्हा एकच अधोरेषा होते. परिणामी ४६ पाठांची नावे म्हणजे ४६ अधोरेषा, आणि त्यांच्यापुढे कंसात व्हिडिओची अकरा चिन्हांची ओळख. फायली शाबूत राहतील, पण कोणती कशाची हे प्रत्येक उघडून पाहावे लागेल.

मूळ कारण वेगळे आहे, आणि ते मराठी वापरणाऱ्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावे असे आहे. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइलव्यवस्थेत एका नावाला २५५ बाइट (साठवणुकीचे लहान एकक) इतकी मर्यादा आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मर्यादेचा आकडा २५५ हाच असला तरी तेथे बाइट न मोजता यूटीएफ-१६ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीची एकके मोजली जातात. रोमन अक्षर लिनक्सवर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. विंडोजच्या मोजणीत मात्र दोन्ही एकेकच. म्हणून तीच फाइल लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर आनंदाने राहते आणि तुमच्या संगणकाच्या दारात अडते.

यात आपल्या लिपीची आणखी एक मेख आहे. डोळ्याला जे एक अक्षर दिसते ते संगणकाला एक नसते. ‘विज्ञान’ या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो. संगणकाकडे त्याची नोंद व, ऱ्हस्व वेलांटी, ज, हलन्त, ञ, काना आणि न अशी सात चिन्हांची आहे, म्हणजे एकवीस बाइट. ‘इयत्ता’चे अठरा. ‘इयत्ता सातवी सामान्य विज्ञान’ एवढी प्रस्तावना प्रत्येक शीर्षकाच्या आरंभी असेल तर पाठाचे नाव येण्याआधीच मोठा वाटा संपलेला असतो.

हिशेब करू. कंसासह व्हिडिओची ओळख आणि तिच्या आधीची मोकळी जागा मिळून १४ बाइट होतात. ‘डॉट एमपी४’ चे ४, जोडण्याआधीच्या तात्पुरत्या फायलीला लागणाऱ्या ‘डॉट एफ१३६’ चे ५ आणि अपुऱ्या फायलीच्या ‘डॉट पार्ट’ चे ५, अशी एकूण बेरीज २८ होते. उरले २२७. तेवढ्यात देवनागरीची सुमारे ७५ चिन्हे बसतात. यूट्यूब शीर्षकाला १०० चिन्हांपर्यंत परवानगी देते, तेव्हा भरगच्च मराठी शीर्षक या मर्यादेबाहेर जाणार, हे उघड आहे. तुमच्या अकरा फायलींचे गुपित हेच असावे.

उपाय नावाच्या साच्यात आहे. आडवी रेघ आणि लहान ओ, त्यानंतर दुहेरी अवतरणात साचा. त्यात टक्क्याचे चिन्ह, कंसात ‘टायटल’, कंसानंतर टिंब, १८० आणि कॅपिटल बी, असे लिहावे. कॅपिटल बी म्हणजे ‘चिन्हे न मोजता बाइट मोज’. त्याऐवजी लहान एस लिहिले तर मोजणी चिन्हांची होते आणि आपण पुन्हा तिथेच येतो. कापताना एखाद्या चिन्हाचे तीन बाइट अर्धवट राहिले तर ते चिन्ह साधन वगळते, त्यामुळे नावात कचरा येत नाही. फार तर शेवटच्या अक्षराची मात्रा गळेल.

मात्र केवळ कापून भागणार नाही, कारण पाठ ओळखण्यासारखा मजकूर शीर्षकाच्या शेवटीच असतो. ‘भाग पहिला’ आणि ‘भाग दुसरा’ हेच कापले जाईल. म्हणून साच्याच्या आरंभी प्लेलिस्टमधील क्रमांक ठेवावा. एकूण ४६ असल्याने ०१, ०२ असे शून्यासह अंक आपोआप येतात आणि टीव्हीवरही फायली पाठांच्या क्रमाने लागतात. याहून नेटका मार्ग म्हणजे ‘रिप्लेस-इन-मेटाडेटा’ हा पर्याय. त्याला तीन गोष्टी द्यायच्या : ‘टायटल’ हे क्षेत्र, जी प्रस्तावना काढायची ती अवतरणात, आणि तिच्या जागी रिकामे अवतरण. ‘इयत्ता सातवी सामान्य विज्ञान’ एकदा फोल्डरच्या नावात लिहिले की प्रत्येक फायलीवर ते मिरवण्याचे कारण उरत नाही.

भाच्यासाठी एक सूचना : हीच आज्ञा विंडोजच्या बॅच फायलीत लिहून ठेवणार असाल तर टक्क्याचे प्रत्येक चिन्ह दोनदा लिहावे लागते. आणि दोन्हीकडे व्हिडिओचा पत्ता अवतरणात असावा. पत्त्यामध्ये ‘अँड’चे चिन्ह असते आणि लिनक्सचे टर्मिनल त्याचा अर्थ ‘आज्ञा येथे संपली, ती मागे चालू दे’ असा घेते. मग प्लेलिस्टऐवजी एकच पाठ का उतरला, याचा शोध घेण्यात आमची एक संपूर्ण दुपार गेली होती.

डोंगरशाळा

आपणा सर्वांचे आभार. नवी प्रत, डेनो आणि एफएफएमपेग बसवले. ‘विज्ञान’चे एकवीस बाइट वाचून मी आमच्या सातवीच्या मुलांना तो शब्द फळ्यावर सुटा करायला लावला; त्यांना हलन्त शोधण्यात फार मजा आली. सुट्या जोड्यांपैकी तीन जोडून पाहिल्या. संगणकावर त्या उत्तम चालतात, पण शाळेच्या टीव्हीवर दोन पाठांचा केवळ आवाज येतो, चित्र येत नाही. हा टीव्हीचा दोष समजावा काय? तसेच इंटरनेट तुटण्याबाबत अजून कोणी लिहिलेले नाही.

जुने_टर्मिनल

टीव्हीचा दोष म्हणता येणार नाही, भाषा जुळत नाही एवढेच. ‘सर्वोत्तम’ मागितले की साधन दर्जाबरोबर नवी संकोचन पद्धतीही पसंत करते, म्हणजे एव्ही१ किंवा व्हीपी९. काही वर्षांपूर्वीच्या टीव्हीला बहुधा एच२६४ एवढीच पद्धत पेनड्राइव्हवरून वाचता येते. आडवी रेघ आणि कॅपिटल एस देऊन त्यापुढे अवतरणात ‘रेझ’ अपूर्णविराम (:) ७२०, स्वल्पविराम, ‘व्हीकोडेक’ अपूर्णविराम ‘एच२६४’, स्वल्पविराम, ‘एकोडेक’ अपूर्णविराम ‘एएसी’ असे लिहा. ही सक्ती नसून पसंतीक्रम आहे : ७२० पर्यंतचे सर्वांत मोठे चित्र, त्यात मिळाल्यास एच२६४, आणि सोबत एएसी आवाज. क्रमांक देऊन मागण्यापेक्षा हे बरे, कारण एखाद्या पाठाला १३६ क्रमांक नसला तरी काम थांबत नाही. फळ्यावरचे अक्षर ७२० मध्ये वाचता येते. १०८० ने तुमचा डेटा पॅक मात्र लवकर संपेल. भूगोलाचे जे पाठ नुसते ऐकण्याजोगे असतील त्यांचा १४० क्रमांकाचा आवाजच घेतला तरी चालेल. तो सेकंदाला सुमारे १२८ किलोबिट असतो, म्हणजे पन्नास मिनिटांचा पाठ ४८ मेगाबाइटच्या आसपास.

इंटरनेट तुटण्याची भीती तर अजिबात बाळगू नका. अपुरी फाइल ‘डॉट पार्ट’ या शेपटीसह जागेवरच राहते आणि तीच आज्ञा पुन्हा दिली की उतरणे उरलेल्या भागापासून पुढे चालू होते. अट एकच : दरम्यान नावाचा साचा किंवा फोल्डर बदलू नये, कारण नाव बदलले की साधनाला जुना तुकडा ओळखता येत नाही. ‘डाउनलोड-आर्काइव्ह’ या पर्यायापुढे एखाद्या मजकूर फायलीचे नाव दिले तर पूर्ण झालेल्या प्रत्येक पाठाची ओळख तीत एकेका ओळीवर नोंदली जाते आणि पुढच्या खेपेस ते पाठ वगळले जातात. ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवलीत तर या शनिवारी तुमचा संगणक आणि पुढच्या शनिवारी भाच्याचा लॅपटॉप, असेही करता येईल.

सलग ४६ पाठ मागताना मध्ये ‘स्लीप-इंटरव्हल’ने दहा-पंधरा सेकंदांची विश्रांती ठेवावी. घाई केली की ‘आपण यंत्र नाही हे सिद्ध करा’ अशा अर्थाचा संदेश येऊ लागतो. त्यावर ब्राउझरच्या कुकीज (लॉगिनची नोंद ठेवणारी माहिती) देण्याचा उपाय अनेक ठिकाणी सुचवलेला दिसेल, परंतु त्यामुळे स्वतःचे खाते बंद होण्याचा धोका असतो. मी तो कोणालाही सुचवत नाही. तासभर थांबणे अधिक चांगले.

कलम_बावन्न

तांत्रिक बाजू पूर्ण झाली आहे, म्हणून थोडे परवानगीविषयी. ताईंनी निर्मात्यांची संमती घेतली, हे सर्वांत महत्त्वाचे काम त्यांनी प्रश्न विचारण्याआधीच केले आहे. येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. प्रताधिकार पाठ तयार करणाऱ्यांचा आहे आणि त्यांनी होकार दिला की तो प्रश्न मिटतो. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ याचे कलम ५२ खाजगी वापरासाठी आणि अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींसाठी काही सवलतीही देते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात अध्यापनाच्या सवलतीचा अर्थ बराच उदारपणे लावला होता. यूट्यूबच्या सेवाशर्ती हा मात्र आपण आणि ती सेवा यांच्यातील निराळा करार आहे. सेवेनेच दिलेल्या सोयीशिवाय व्हिडिओ उतरवू नयेत, असे त्या शर्ती सांगतात आणि निर्मात्याच्या होकाराने ती शर्त आपोआप शिथिल होत नाही.

म्हणूनच मला याहून सरळ रस्ता सुचवावासा वाटतो. खाते निवृत्त सरांचे आहे. ते स्वतः गूगल टेकआउटमधून (आपल्या खात्यातील माहिती मागवून घेण्याच्या गूगलच्या सोयीतून) यूट्यूबचा भाग निवडून आपल्या खात्यावरील सर्व व्हिडिओ एकगठ्ठा मागवू शकतात. त्यात शर्तींचा भंग नाही आणि सुटे प्रवाह जोडण्याचाही प्रश्न येत नाही. टेकआउट मोठा ऐवज अनेक झिप फायलींत विभागून देते, तेव्हा तालुक्याच्या गावी चांगले वायफाय असेल अशी जागा आधी पाहून ठेवावी. सर लॉगिन करू शकतात का, एवढे विचारून पाहावे.

सायंशाखा

‘अक्षरमोजणी’ यांचे म्हणणे मी करून पाहिले. माझ्या भजनांच्या फोल्डरमध्ये खरोखरच अधोरेषांची रांग लागली आहे. आजवर मी ती आवाज ऐकूनच ओळखत होतो.

डोंगरशाळा

सरांना दूरध्वनी केला. खाते त्यांच्या मोबाइलमध्ये उघडे आहे, परंतु परवलीचा शब्द आठवत नाही आणि खात्याला जोडलेला जुना क्रमांक बंद झाला आहे. टेकआउट पुन्हा एकदा परवलीचा शब्द विचारते, तेथे ते अडले. मोबाइलमधूनच तो बदलता येतो का, हे त्यांची मुलगी दिवाळीत आल्यावर पाहणार आहे. मूळ फायली मिळाल्या तर त्याच ठेवेन.

तोपर्यंत सरांशी बोलूनच मी वर सांगितलेल्या पद्धतीने शनिवारी काम केले. दोनदा इंटरनेट तुटले, दोन्ही वेळा तीच आज्ञा वरच्या बाणाने परत आणून दिली आणि गाडी सोडल्या जागेवरून पुढे निघाली. नोंदीच्या फायलीत आता ४५ ओळी आहेत आणि टीव्हीवर सर्व पाठांचे चित्र दिसते. उरलेला एक पाठ, ‘सजीवांतील पोषण’चा दुसरा भाग, प्रत्येक वेळी ‘खाजगी व्हिडिओ’ असे सांगतो. सरांना विचारले तेव्हा ते हसले. त्या पाठात मागे त्यांची म्हैस ओरडत होती, म्हणून त्यांनीच तो झाकून ठेवला होता. आज रात्री तो खुला करतो म्हणाले आहेत.